पॅकेजमध्ये न बसणारे दिवस

महाराष्ट्रात सरकारी आरोग्य योजनेतून उपचार घ्यायचे, तर आपल्या आजाराला आधी यादीत जागा मिळावी लागते. यादीत उपचाराचे नाव असते, त्याचा सांकेतिक क्रमांक असतो आणि पुढे ठरलेला दर असतो. अंगीकृत रुग्णालयातला आरोग्यमित्र शिधापत्रिका आणि आधार कार्ड तपासतो, डॉक्टरांचे कागद संगणकावर चढतात, वरून पूर्वपरवानगी येते, उपचार होतात आणि रुग्ण घरी गेल्यावर रुग्णालय पैशांसाठी दावा दाखल करते. हृदयाची झडप, मुतखडा, मोडलेले हाड अशा दुखण्यांना हा हिशेब चांगला जमतो. त्यांना सुरुवात असते आणि शेवटही असतो. कमरेखालचे शरीर लुळे पडलेल्या माणसाच्या दुखण्याला सुरुवात असते, त्याची तारीखही घरच्यांना पाठ असते. शेवटाची तारीख मात्र कोणत्याच कागदावर येत नाही.

मी राहुरी तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेतून निवृत्त झालो. या विषयाकडे मी वळलो तो घरातल्या कारणाने. २०१८ च्या गळीत हंगामात माझा धाकटा भाऊ नगर-मनमाड रस्त्यावर संध्याकाळच्या वेळी मोटारसायकलवरून उसाच्या उभ्या ट्रॉलीला मागून धडकला. ट्रॉलीला मागे दिवा नव्हता. पाठीचा मणका मोडला, मज्जारज्जूला इजा झाली. तेव्हापासून त्याच्या निमित्ताने मी शासन निर्णय, उपचारांच्या याद्या आणि विम्याची नियमावली वाचत आलो. अर्ज भरून देणारा माणूस अशी ओळख झाल्यावर तालुक्यातल्या इतर घरांतही जाणे होऊ लागले. त्या वाचनातून आणि त्या घरांतून एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली. आपली आरोग्यव्यवस्था घटना मोजते. अपंगत्व दिवसांनी मोजावे लागते. या दोन मापांतल्या फरकाची किंमत घरातली माणसे भरतात, आणि ती कुठल्याच हिशेबात दिसत नाही.

‘व्यवस्थापित’ म्हणजे काय?

इंग्रजीत ज्याला ‘मॅनेज्ड केअर’ म्हणतात, त्याला मराठीत व्यवस्थापित आरोग्यसेवा म्हणता येईल. डॉक्टर आणि रुग्ण यांच्यामध्ये पैसे देणारी तिसरी संस्था येते आणि कोणते उपचार, कुठे, किती दरात व्हावेत हे ती ठरवते. अमेरिकेत १९७३ च्या कायद्याने अशा संस्थांना सरकारी पाठबळ मिळाले. पुढे गरिबांसाठीच्या ‘मेडिकेड’ योजनेतही ही पद्धत आली. १९८२ मध्ये ॲरिझोना राज्याने आपली सगळी योजनाच या पायावर उभी केली.

या पद्धतीची हत्यारे तीन. पहिले, ठरावीक रुग्णालयांचे जाळे. त्याबाहेर गेलात तर पैसे तुमचे. दुसरे, पूर्वपरवानगी. तिसरे, आधीच ठरलेला दर. हा दर दोन तऱ्हांनी ठरतो. एक तऱ्हा माणशी रकमेची: एका सभासदामागे दरमहा इतके पैसे, मग तो आजारी पडो वा न पडो. इथे संस्थेला निरोगी सभासद हवेसे वाटतात आणि सतत उपचार लागणारा माणूस तोट्याचा ठरतो. दुसरी तऱ्हा उपचारामागे रकमेची, म्हणजे पॅकेजची. इथे रुग्णालयाला शस्त्रक्रिया हवीशी वाटते, पण शस्त्रक्रियेनंतरचे महिने त्याच्या कामाचे राहत नाहीत. दोन्ही तऱ्हांत अपंग माणूस अडचणीचा. पहिल्या तऱ्हेत तो आत येतानाच अडतो, दुसऱ्या तऱ्हेत बाहेर पडल्यावर.

खर्चाला लगाम घालणे हा काही गुन्हा नव्हे. अनिर्बंध बिल लावणारी रुग्णालये आपण सगळ्यांनी पाहिली आहेत आणि ठरलेल्या दरामुळे अनेक घरे कर्जातून वाचली आहेत. प्रश्न येतो ‘वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक’ या शब्दांपाशी. आवश्यक काय, हे कुणी ठरवायचे? अमेरिकेतल्या वृद्ध व अपंगांसाठीच्या मेडिकेअर विम्यात चाकाची खुर्ची मंजूर करताना ती घराच्या आत वावरण्यासाठी लागते का, हे पाहिले जाते. घरात भिंतीच्या आधाराने चालता येत असेल, पण कामाला किंवा बाजारात जायला खुर्ची हवी असेल, तर ती गरज विम्याच्या व्याख्येत बसत नाही. वैद्यकाच्या नजरेला शरीर दिसते; त्या शरीराला कुठे जायचे आहे, ते दिसत नाही.

जीवनदायीपासून जनआरोग्यापर्यंत

आपल्याकडे ही पद्धत दोन वाटांनी आली. खासगी वाट १९८६ च्या ‘मेडिक्लेम’पासून सुरू होते. सरकारी वाटेवर आंध्र प्रदेशाच्या २००७ सालच्या ‘आरोग्यश्री’ योजनेने नमुना घालून दिला. मोठ्या शस्त्रक्रियांची यादी करायची, दर ठरवायचे, सरकारी आणि खासगी रुग्णालये जोडून घ्यायची आणि गरिबांना पैसे न देता उपचार द्यायचे.

महाराष्ट्रात १९९७ पासून ‘जीवनदायी’ योजना होतीच. तिच्या जागी नव्या पद्धतीची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी ८ जिल्ह्यांत सुरू झाली आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये राज्यभर, म्हणजे आपल्या नगर जिल्ह्यातही, पोचली. यादीत ९७२ उपचार होते, कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे संरक्षण होते. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. २०२० मध्ये ती केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडली गेली. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने संरक्षण ५ लाखांवर नेले, उपचार १,३५६ केले आणि शिधापत्रिकेच्या रंगाची अट काढून राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना योजना खुली केली. १ जुलै २०२४ पासून ती तशी लागू झाली.

हा प्रवास लहान नाही. माझ्या भावाच्या मणक्याची शस्त्रक्रिया याच योजनेतून झाली. आमच्या केशरी शिधापत्रिकेवर ती झाली नसती तर वडिलांनी राखलेली दोन एकर जमीन तेव्हाच गेली असती. तेव्हा पुढे जे लिहितो आहे ते योजनेच्या विरोधात नाही. योजना जिथे थांबते, तिथून पुढच्या रस्त्याबद्दल आहे.

डिस्चार्जनंतर

रुग्णालयातून सुटताना योजनेतून काही दिवसांची औषधे मिळतात. फुले योजनेत ही मुदत १० दिवसांची होती, आयुष्मान भारतमध्ये १५ दिवसांची आहे. अपघातग्रस्तांसाठी केंद्र सरकारने २०२५ मध्ये आणलेल्या कॅशलेस योजनेत दीड लाखापर्यंतचे उपचार मिळतात, तेही अपघातापासून ७ दिवसांपर्यंत. जीव वाचवायला ७ दिवस पुष्कळ आहेत. मज्जारज्जूला मार लागलेल्या माणसाचे खरे काम मात्र त्यानंतर सुरू होते.

ते काम काय असते, ते आकड्यांत सांगतो. कमरेखाली संवेदना नसलेल्या माणसाला अंथरुणात दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर माकडहाडावर आणि टाचांवर दाबामुळे जखमा होतात. दिवसाला १२ वेळा, वर्षाला ४,३८० वेळा. लघवी आपोआप होत नाही, म्हणून दिवसातून चार ते सहा वेळा नळी घालून मूत्राशय रिकामे करावे लागते. पाच वेळा धरले तर वर्षाला १,८२५ वेळा. नळी प्रत्येक वेळी नवी वापरायची म्हटले तर १,८२५ नळ्या. ते परवडत नाही, म्हणून एकच नळी धुऊन पुन्हा वापरली जाते आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. सांधे आखडू नयेत म्हणून रोज व्यायाम. शिवाय हवेची गादी, डायपर, हातमोजे, जंतुनाशक.

यातली एकही गोष्ट ‘उपचार’ या सदरात बसत नाही. आमच्या घरी हे सगळे माझ्या भावजयीने उचलले. ती खुरपणीला जात असे, ते बंद झाले. म्हणजे घरातली दोन उत्पन्ने थांबली आणि एका माणसाची रात्रीची झोप कायमची तुटली. सुटताना रुग्णालयाने आम्हाला हाडांच्या औषधांची चिठ्ठी दिली, टाके काढायची तारीख दिली. कूस किती वेळाने बदलायची, नळी कशी घालायची, हे कुणी दाखवले नाही. ते शिकवण्याचा दर कुठल्याही पॅकेजात नव्हता, म्हणून ते कुणाचेच काम नव्हते.

पाचव्या महिन्यात माकडहाडावर जखम झाली. हाडापर्यंत खोल गेली, ताप राहू लागला. पुन्हा रुग्णालय, पुन्हा पूर्वपरवानगी. या वेळी परवानगी लगेच आली, कारण दाबाने झालेल्या जखमेच्या शस्त्रक्रियेला यादीत जागा आहे. मांडीकडचे मांस आणि कातडी फिरवून जखम झाकली गेली. ज्या हवेच्या गादीने आणि दोन तासांच्या शिस्तीने ही जखम टाळता आली असती, तिला यादीत जागा नव्हती, जखमेला होती. या एका उदाहरणात सगळा प्रश्न आहे. टाळण्याचा खर्च घराचा आणि बिघडल्यावरचा खर्च सरकारचा, अशी वाटणी झाली की बिघडणे वाढते, आणि सरकारचाही पैसा जास्त जातो.

पाय, हात आणि वाढणारे मूल

राहुरीसारख्या ऊस आणि दुधाच्या तालुक्यात अपंगत्वाचे आणखी एक साधन गोठ्याशेजारी उभे असते: कडबाकुट्टी. बोटे, पंजा, कधी कोपरापर्यंत हात तिच्यात जातो. मळणीयंत्र, उघडी विहीर आणि विजेची तार ही त्याच यादीतली. अशा अपघातासाठी शेतकरी कुटुंबाला गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या योजनेतून सानुग्रह अनुदान मिळते: एक अवयव गेला तर १ लाख, दोन गेले तर २ लाख. ही मदत मोलाची आहे, पण इथेही मोजली जाते ती घटनाच.

तुटलेल्या अवयवाचे पुढे काय होते? कृत्रिम अवयवांना जीवनदायीच्या यादीत पहिल्यापासून स्थान होते, हे नोंदवायला हवे. केंद्राची १९८१ पासूनची ‘एडिप’ योजना शिबिरांतून पाय, कुबड्या, तीनचाकी सायकली, श्रवणयंत्रे देते. जयपूर फूटचे नाव तर खेड्यापाड्यांत माहीत आहे. तरीही अनेक घरांत कृत्रिम पाय दाराआड उभा केलेला दिसतो. कारण साधे आहे. शस्त्रक्रियेनंतर उरलेला खुंट काही महिने बारीक होत जातो. पहिल्या मापाचा साचा सैल पडतो, घासतो, जखम करतो. तो पुन्हा बसवून घ्यावा लागतो, चालायला शिकावे लागते, पट्टे बदलावे लागतात. शिबिर एका दिवसाचे असते आणि दुरुस्तीचे ठिकाण दूर. ‘एडिप’मध्ये त्याच साधनासाठी पुन्हा मदत मिळायला साधारण तीन वर्षे थांबावे लागते, १२ वर्षांखालील मुलांसाठी ही मुदत एक वर्षाची आहे. मूल वाढते हे त्या नियमाने ओळखले, ही चांगली गोष्ट. तसेच खुंटही बदलतो, हे ओळखायचे राहिले आहे.

सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांची गोष्ट आणखी वेगळी. त्यांना शस्त्रक्रिया क्वचित लागते. आठवड्यातून दोन-तीन वेळा फिजिओथेरपी, वाचा-उपचार हे लागते, आणि तेही वर्षानुवर्षे. अशा मुलांसाठी राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ विमा योजना आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चार प्रकारांना वर्षाला १ लाखापर्यंत संरक्षण मिळते, विम्याआधी वैद्यकीय तपासणी होत नाही आणि बाह्यरुग्ण उपचार, थेरपी, एवढेच काय वाहतूकखर्चालाही तिच्यात जागा आहे. माझ्या वाचनात आलेल्या योजनांपैकी अपंगत्वाचा स्वभाव ओळखून आखलेली हीच एक. अडचण येते ती पैसे मिळण्याच्या रीतीत. आधी स्वतः खर्च करायचा, पावत्या जोडायच्या, मग परतावा. वस्तीवरून राहुरीपर्यंत येणारी वडापची जीप पावती देत नाही. मजुरी बुडवून मुलाला कडेवर घेऊन येणाऱ्या आईच्या दिवसाची पावती कोण देणार? महिन्याचा खर्च आधी उभा करायचा, हीच अट गरीब घराला बाहेर ठेवते.

अंतराचाही विचार इथे करायला हवा. राहुरीहून नगर किंवा लोणी साधारण पस्तीस-चाळीस किलोमीटर. मोठ्या उपचारांसाठी विळद घाट, लोणी किंवा पुणे. धडधाकट माणसाला हे अंतर एसटीच्या तिकिटाएवढे. खुर्चीतल्या माणसाला मात्र एसटीच्या पायऱ्या चढता येत नाहीत, म्हणून गाडी करावी लागते, सोबत दोन माणसे लागतात. रस्त्यावर पडलेल्या माणसाला रुग्णालयात नेणारी १०८ ची रुग्णवाहिका २०१४ पासून आपल्याकडे आहे. फिजिओथेरपीला नेऊन आणणारे वाहन कुठल्याही क्रमांकावर येत नाही. योजनेचे जाळे नकाशावर दाट दिसते, पण त्यातली भोके खुर्चीच्या रुंदीची आहेत.

खासगी विम्याच्या यादीतल्या वस्तू

पैसे भरून खासगी विमा घेणाऱ्यांची स्थिती बरी असेल असे वाटते. तिथे पहिला अडसर दारातच असतो. मज्जारज्जूच्या इजेमुळे चारही अवयव निकामी झालेल्या एका व्यक्तीला विमा कंपन्यांनी पॉलिसी नाकारली, ते प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले. डिसेंबर २०२२ मध्ये न्यायालयाने सांगितले की जगण्याच्या हक्कात आरोग्याचा हक्क येतो आणि अपंगांना आरोग्य विम्यात भेदभावाने वागवता येणार नाही. त्यानंतर फेब्रुवारी २०२३ मध्ये विमा नियामक प्राधिकरणाने कंपन्यांना अपंग, एचआयव्हीबाधित आणि मानसिक आजार असलेल्या व्यक्तींसाठी विमा योजना आणण्याचा आदेश दिला. मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने विमा मिळावा, हे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातच आहे. दार अशा रीतीने किलकिले झाले.

आत गेल्यावर दुसरी यादी भेटते. नियामकाने प्रमाणित केलेल्या नियमांत ६८ बाबींची एक यादी आहे; पॉलिसीत त्यांचे पैसे मिळत नाहीत. बाळाचे खाद्य, सौंदर्यसेवा, इंटरनेटचा आकार अशा गोष्टी त्यात आहेत आणि त्या योग्यच आहेत. त्याच यादीत डायपर आहे, चालण्यासाठीची साधने आहेत, पाण्याची किंवा हवेची गादी आहे, खास परिचारिकेचा आकार आहे. यादी करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर चार दिवस दाखल होऊन घरी जाणारा रुग्ण होता. त्याच्यासाठी हवेची गादी ही चैन असू शकते. माझ्या भावासाठी ती औषध आहे. शिवाय बहुतेक पॉलिसींना किमान २४ तास दाखल होणे लागते. रोजचा पाऊण तास व्यायाम त्यात येण्याचा प्रश्नच नाही.

मोजता येत नाही असे नाही

यावर अधिकारी मंडळींचे एक ठरलेले उत्तर असते. दीर्घकाळ चालणारी शुश्रूषा मोजता येत नाही, तिच्यात गैरव्यवहाराला वाव फार, म्हणून पॅकेज करता येत नाही. हे उत्तर ऐकले की मला डायलिसिस आठवते. मूत्रपिंड निकामी झालेल्या माणसाला आठवड्यातून दोन-तीन वेळा डायलिसिस लागते आणि तेही वर्षानुवर्षे. त्याला शेवट नाही. तरी तो फुले योजनेत आहे आणि हजारो माणसे त्यावर जगत आहेत. कर्करोगाच्या केमोथेरपीचे फेरेही तसेच मोजले जातात. शस्त्रक्रियेनंतरच्या तपासण्या आणि औषधांसाठी १२१ पाठपुरावा सेवांची यादी या योजनेत पहिल्यापासून आहे. म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी गरज मोजण्याची रीत शासनाला माहीत आहे. डायलिसिसचे यंत्र रुग्णालयात असते म्हणून ते दिसते. कूस बदलणारी बाई घरात असते म्हणून ती दिसत नाही, एवढाच फरक.

अमेरिकेलाही हे शिकायला एक मूल लागले. आयोवा राज्यातल्या केटी बेकेट या मुलीला बालपणीच मेंदूज्वर झाला आणि श्वासासाठी यंत्र लागू लागले. तिला घरी ठेवणे डॉक्टरांच्या मते शक्य होते आणि खर्चही कितीतरी कमी होता. पण ती रुग्णालयात असेपर्यंतच मेडिकेड पैसे देत होते. घरी नेले की मदत बंद. १९८१ मध्ये खुद्द अध्यक्ष रेगन यांनी पत्रकार परिषदेत तिचे उदाहरण दिले. नियम शिथिल झाला, ती त्या वर्षाखेरीस घरी गेली आणि घरच्या शुश्रूषेसाठी पैसे देण्याची वाट तिच्या नावाने ओळखली जाऊ लागली. पुढे १९९९ मध्ये ‘ओल्मस्टेड’ खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की समाजात राहून सेवा घेऊ शकणाऱ्या अपंग व्यक्तीला कारण नसताना संस्थेत ठेवणे हा भेदभाव आहे.

इतके दूर जायचेही कारण नाही. केरळने २००८ मध्ये परिहार शुश्रूषेचे धोरण केले आणि अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाणारी परिचारिका ग्रामपंचायत आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या जोडणीतून उभी केली. मलप्पुरमसारख्या जिल्ह्यात तिला गावातल्या स्वयंसेवकांची साथ मिळाली. तिच्या फेरीत कर्करोगाचे रुग्ण असतात, तसे मज्जारज्जूला मार लागलेले तरुणही असतात.

महाराष्ट्राकडेही अनुभव कमी नाही. सैन्यातल्या जायबंदी जवानांसाठी पुण्यात खडकीला पुनर्वसन केंद्र आहे. १९६५ च्या युद्धात जखमी झालेले सांगलीकडचे मुरलीकांत पेटकर १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक घेऊन आले. कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी १९८४ पासून ‘हेल्पर्स ऑफ द हॅंडिकॅप्ड’ उभी केली. ‘चाकाची खुर्ची’ हे त्यांचे आत्मकथन अनेक वाचकांना ठाऊक असेल. या दोघांमागे जिद्द होती, तशी जखमेनंतरची अनेक वर्षे सांभाळणारी माणसे आणि संस्थाही होत्या. आपण जिद्दीचा सत्कार करतो आणि सांभाळण्याचा हिशेब विसरतो.

राहुरीत काय करता येईल

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख आणि महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार अपंग व्यक्ती मोजल्या गेल्या. देशातल्या अपंगांपैकी ६९ टक्के खेड्यांत राहतात. तेव्हा कायद्यात ७ प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ते २१ केले. त्या कायद्याचे २५ वे कलम सांगते की दिव्यांगांना जवळपास, विशेषतः ग्रामीण भागात, उत्पन्नाच्या मर्यादेत मोफत आरोग्यसेवा मिळावी, सरकारी आणि खासगी रुग्णालयांत अडथळ्याविना वावरता यावे आणि उपचारांत प्राधान्य मिळावे. ‘जवळपास’ हा त्या कलमातला सर्वांत महत्त्वाचा शब्द मला वाटतो.

जवळपास काय आहे? गावच्या उपकेंद्राचे आता ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ झाले आहे आणि तिथल्या १२ सेवांच्या यादीत वृद्धांची व परिहार शुश्रूषा लिहिलेली आहे. आशाताई प्रत्येक घर ओळखते. नवजात बाळासाठी तिने किती वेळा घरी जायचे हे ठरलेले आहे आणि त्याचा मोबदलाही ठरलेला आहे. मज्जारज्जूच्या रुग्णासाठी तशाच भेटी ठरवणे अवघड नाही. पहिल्या तीन महिन्यांत आठवड्याला एक भेट, त्वचा पाहणे, नळी घालण्याची रीत तपासणे, एवढे झाले तरी कित्येक शस्त्रक्रिया टळतील. राज्यात २०२२ अखेरपासून दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग आहे. जनआरोग्य योजनेच्या यादीत ‘घरची शुश्रूषा’ हे सदर उघडावे असा आग्रह त्या विभागाने आरोग्य विभागाकडे धरायला हवा. त्या सदरात चार गोष्टी पुरेत: सुटण्याआधी घरच्या माणसाचे प्रशिक्षण, हवेची गादी, नळ्यांचा मासिक पुरवठा आणि फिजिओथेरपीच्या ठरावीक बैठका.

त्याची वाट पाहत बसण्याचेही कारण नाही. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. अनेक गावांत ते वर्षातून एकदा सगळ्यांना सारखी रक्कम किंवा सारखी वस्तू देऊन संपवले जातात. ऐकू न येणाऱ्यालाही तेच आणि अंथरुणावरच्या माणसालाही तेच. त्यातून गावापुरत्या दोन हवेच्या गाद्या, एक खुर्ची आणि महिन्याच्या नळ्या घेता येतात. एकाचे काम झाले की गादी दुसऱ्या घरी जाऊ शकते. संजय गांधी निराधार योजनेतले दिव्यांगांचे मानधन २०२५ मध्ये दरमहा १,५०० वरून २,५०० झाले, तेही याच घरांत जाते. पण घरखर्चाच्या पैशातून नळ्या घ्यायच्या, की नळ्यांच्या पैशातून पीठ आणायचे, हा पेच मानधनाने सुटत नाही.

आमच्या घरात जखम भरली, भाऊ आता खुर्चीत बसतो आणि वस्तीवरच्या मुलांचे मोबाइल दुरुस्त करून देतो. भावजय अजून रात्री दर दोन तासांनी उठते. हे लिहीपर्यंत ती किती वेळा उठली असेल याचा हिशेब गुणाकाराने काढता येतो, पण तो कुठल्या रकान्यात लिहायचा, ते शासनाच्या एकाही अर्जात सापडत नाही. तो रकाना मागण्याचे काम आपले आहे. पुढच्या ग्रामसभेत ५ टक्क्यांच्या खर्चाचा तपशील मागावा आणि अंथरुणावर असलेल्या प्रत्येक माणसाची वेगळी नोंद करायला सांगावी. या मागणीला कोणाचीही पूर्वपरवानगी लागत नाही.